टेस्ट मेल येतो, खरा इशारा येत नाही: मत्स्यालयाच्या कंट्रोलरचं वारंवार उलटणारं दुखणं

कंट्रोलर म्हणजे टाकीचं तापमान बघून हीटर-पंखा चालू-बंद करणारा आणि ते हद्दीबाहेर गेलं की मेलनं इशारा देणारा छोटा बोर्ड. त्याचं दुखणं असं आहे. कंट्रोलरच्या सेटिंगमधलं 'टेस्ट मेल' दाबलं की पाच-सात सेकंदांत फोन वाजतो. सगळं ठीक. मग आठ-दहा दिवसांनी टाकीतलं पाणी खरोखर तापतं आणि फोन मात्र गप्प. घरी येऊन कंट्रोलर बंद-चालू करायचा, परत टेस्ट दाबायचं, परत मेल येतो. आपण निर्धास्त. पुढच्या खेपेला परत तेच. एप्रिल ते जून या दिवसांत माझ्याकडे हे चार वेळा झालं. पाचव्यांदा झालं नाही, म्हणून आता लिहायला बसलोय.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगतो. सांगलीत विश्रामबागला वरच्या मजल्यावर घर, डोक्यावर थेट स्लॅब. हॉलमध्ये चार फुटी टाकी, ४८ बाय १८ बाय १८ इंच, म्हणजे काठोकाठ भरली तर अडीचशे लिटरच्या आसपास. आत एंजल, टेट्रा आणि झाडं. कंट्रोलर घरीच जोडलेला: नोडएमसीयूचा बोर्ड, म्हणजे ईएसपी८२६६ ही वायफायवाली चिप; पाण्यात सोडलेला डीएस१८बी२० तापमानाचा सेन्सर; आणि चार रिले, म्हणजे बोर्डाच्या हुकमानं चालणारी बटणं: हीटर, लाइट, पंखा आणि टॉपअपच्या, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढणाऱ्या मोटरसाठी. मेल जीमेलवरून जातो. तुमच्याकडे विकतचा कंट्रोलर असेल किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर रीफ-पाय हे मत्स्यालयाचं सॉफ्टवेअर चालत असेल, तरी पुढचं बरंचसं लागू पडेल. मेल जायची वाट सगळ्यांची एकच आहे.

एप्रिलमधली गोष्ट. मी कुपवाडला कामावर. घरी दुपारी अडीचला लाइट गेली, चारला आली. साडेसहाला आईचा फोन. "अरे, सगळे मासे वर आलेत. आ वासून उभे आहेत नुसते. पाणी गरम लागतंय हाताला." घरी पोचलो तर पाणी ३२.८ अंश. लाइट आल्यावर पंखा आपोआप सुरू झाला होता, पण कॅनिस्टर फिल्टरनं, म्हणजे टाकीबाहेरच्या डब्याच्या फिल्टरनं, हवा धरली होती. मोटर घूं घूं करत होती आणि नळीतून पाण्याचा थेंब येत नव्हता. वरचं पाणी हलतच नव्हतं. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम मावतो, ३० ला ७.५ च्या आसपास. त्यात पृष्ठभाग स्थिर. मासे वर येणारच. आईनं तोवर फ्रीजरमधल्या दोन बर्फाच्या बाटल्या झाकण घट्ट लावून टाकीत सोडल्या होत्या. मी केलं असतं त्यापेक्षा बरंच शहाणपणाचं काम. वरच्या मजल्यावरचा एक धडा इथंच सांगून टाकतो: आमच्याकडे पाणी दुपारी बाराला नव्हे, संध्याकाळी सात-आठला सगळ्यात जास्त तापलेलं असतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली ओकत असतो. दुपारी जेवताना टाकीकडे बघून 'ठीक आहे' म्हणणं फसवं.

३१ अंशांना इशारा लावलेला होता. मेल आला नव्हता. मी कंट्रोलर बंद-चालू केला, टेस्ट दाबलं, मेल आला.

माझा पहिला संशय जीमेलवर गेला, कारण जानेवारीत एकदा त्या बाजूनं फटका बसलेला. तो प्रकार वेगळा असला तरी निम्म्या लोकांचं दुखणं तिथंच असतं, म्हणून तो आधी उरकतो.

जीमेलचा नेहमीचा पासवर्ड कंट्रोलरमध्ये टाकून मेल पाठवायचे दिवस संपले. ३० मे २०२२ पासून गुगलनं वैयक्तिक खात्यांना ती सोय बंद केली. आता खात्यावर आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं, मग ॲप पासवर्ड, म्हणजे अशा एखाद्या यंत्रापुरता वेगळा पासवर्ड, तयार करायचा. तो १६ अक्षरांचा असतो, पडद्यावर चार-चारच्या गटांत दिसतो. मधल्या जागा सोडून सलग लिहायचा. खरी मेख पुढे आहे: खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधी काढलेले ॲप पासवर्ड रद्द होतात. मी जानेवारीत फोन बदलला, त्या नादात पासवर्ड बदलला आणि कंट्रोलरला बिचाऱ्याला कुणी कळवलंच नाही. त्यामुळे आता कंट्रोलरसाठी वेगळंच जीमेल खातं ठेवलंय. त्यात दुसरं काही नाही, त्याला कुणी हात लावत नाही. कोडमध्ये पासवर्ड उघडा पडलेला असतो. बोर्ड उद्या कुणाला दिला तर आपलं मुख्य खातं त्याच्यासोबत जायला नको, हाही एक फायदा.

सर्व्हर एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक. ४६५ घेतला तर पहिल्यापासून एसएसएल, म्हणजे कुलूपबंद जोडणी. ५८७ घेतला तर आधी साधी ओळख, मग स्टार्टटीएलएस, म्हणजे 'आता कुलूप लावू' असा हुकूम. कंट्रोलरमध्ये दोन्हीची सरमिसळ केली, म्हणजे ४६५ आणि स्टार्टटीएलएस, तर जोडणी नुसती लटकून राहते. पोर्ट २५ च्या नादी लागू नका, घरगुती इंटरनेटवर तो बहुतेक ठिकाणी बंदच केलेला असतो.

आता एप्रिलकडे. पासवर्ड बरोबर होता, पोर्ट बरोबर होता, टेस्ट मेल येत होता. मग मी काय केलं? दोन आठवडे वायफायला शिव्या दिल्या. राउटर टाकीच्या जवळ आणला. ईएसपी८२६६ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतं, म्हणून राउटरमधल्या २.४ आणि ५ च्या नेटवर्कांची नावं वेगळी केली. काहीही फरक पडला नाही. मे महिन्यात आणखी दोनदा तेच झालं. दोन्ही वेळा मी घरी येऊन पहिली गोष्ट काय केली असेल, तर कंट्रोलर बंद-चालू. म्हणजे चोर घरात असताना दार वाजवून त्याला पळून जायला सांगायचं आणि मग कपाटं तपासायची.

तुमच्याकडेही असंच होत असेल, तर रीस्टार्टच्या बटणाला हात लावायच्या आधी नोंद ठेवायची सोय करा. ही नोंद रॅममध्ये नको, फ्लॅशमधल्या, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतल्या फाइलमध्ये हवी, कारण रॅम रीस्टार्टला पुसली जाते. मेल पाठवायच्या प्रत्येक प्रयत्नाला एक ओळ: कंट्रोलरच्या मते आत्ता किती वाजले, तो सुरू होऊन किती वेळ झाला, वायफाय आहे का, मोकळी मेमरी किती, आणि सर्व्हरनं शेवटचा कोणता आकडा दिला.

हा शेवटचा आकडा फार कामाचा. मेल सर्व्हर प्रत्येक पायरीला तीन आकड्यांचं उत्तर देतो. दार उघडलं की २२०. रामराम झाला की २५०. नाव-पासवर्ड मागताना ३३४, ते पटलं की २३५. मजकूर दे म्हणताना ३५४, आणि मजकूर मिळाला की परत २५०. चारनं सुरू होणारा आकडा म्हणजे 'आत्ता नाही, थोड्या वेळानं ये'. पाचनं सुरू होणारा म्हणजे 'असं चालणार नाही, तू काहीतरी बदल'. ५३५ आला तर नाव-पासवर्ड चुकलाय. ५३४ आला आणि त्यात ॲप पासवर्डचा उल्लेख असेल तर नेहमीचाच पासवर्ड टाकलाय. ५५० आणि सोबत रोजच्या मर्यादेची भाषा असेल तर दिवसाचा कोटा संपलाय. साध्या जीमेलला तो ५०० चा आहे. 'पाचशे कशाला लागतील' असं वाटत असेल तर थांबा, त्यावर पुढे येतो.

पण आकडाच आला नाही तर? तर सर्व्हरशी आपलं बोलणं सुरूच झालं नाही. मग पासवर्ड दहा वेळा तपासण्यात अर्थ नाही. वायफाय, डीएनएस (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणं), एसएसएलची हातमिळवणी, किंवा मेमरी, यांपैकी काहीतरी. (५८७ वापरत असाल तर सुरुवातीचे २२० आणि २५० दिसतील, आणि स्टार्टटीएलएस म्हटल्यानंतर गप्प होईल. अर्थ तोच.) आकडा आला की नाही, एवढ्या एका प्रश्नानं निम्मं काम होतं.

मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या पावसात संध्याकाळी लाइट गेली-आली. त्या रात्री तापमान मुद्दाम इशाऱ्याच्या वर जाऊ दिलं. मेल नाही. या वेळी रीस्टार्ट न करता नोंद उघडली. वायफाय: आहे. मोकळी मेमरी: पुरेशी. सर्व्हरचा आकडा: नाही. सुरू होऊन झालेला वेळ: तीन तास बावीस मिनिटं. कंट्रोलरच्या मते आत्ताची वेळ: १ जानेवारी १९७०, सकाळचे ८ वाजून ५२ मिनिटं.

हसू आलं आणि डोक्यात दिवाही लागला. या चिपचं घड्याळ चालू होताना १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून मोजायला लागतं, ती वेळ ग्रीनिचची. त्यात आपले साडेपाच तास मी आधीच जोडलेले. ५:३० आणि ३:२२ मिळून ८:५२. म्हणजे लाइट आल्यापासून त्याला खरी वेळ कुणी सांगितलीच नव्हती.

वेळेचा आणि मेलचा काय संबंध? एसएसएल जोडणीत सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं. ईएसपी८२६६ मध्ये प्रमाणपत्र नीट तपासायचं ठरवलं, तर ही तारीखही तपासली जाते. १९७० साली बसलेल्या कंट्रोलरला हे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. तो जोडणी तोडतो. त्याच्या बाजूनं अगदी बरोबर.

आता ओळीनं लावून बघा. लाइट येते. नोडएमसीयू दोन-तीन सेकंदांत जागा होतो. राउटर आणि त्यामागची फायबरची डबी जाग्या व्हायला दोन-तीन मिनिटं घेतात. माझ्या कोडमध्ये वायफायची वाट ३० सेकंद बघून पुढे जायचं होतं. हीटर-पंखा वायफायवाचून अडू नये म्हणून ते बरोबरच. पण इंटरनेटवरून वेळ घ्यायचं काम मी वायफाय लागलं तरच, तेही फक्त सुरुवातीला एकदा, असं लिहिलेलं. ३० सेकंदांत वायफाय नाही, म्हणून वेळ घेतली नाही. तीन मिनिटांनी वायफाय आपोआप लागलं, पण वेळेचं कुणी नावही काढलं नाही. मग मी घरी येऊन कंट्रोलर बंद-चालू करायचो. तेव्हा राउटर आधीच चालू! वायफाय लगेच, वेळ लगेच, टेस्ट मेल लगेच. मी तपासायला गेलो की दुखणं बरं व्हायचं, आणि पुढची लाइट जाईपर्यंत बरंच राहायचं.

उपाय तीन केले. पहिला फुकटचा: वेळ घ्यायचं काम सुरुवातीच्या भागातून काढून फिरत्या भागात टाकलं. वर्ष २०२४ च्या आधीचं दिसत असेल तर दर मिनिटाला पुन्हा वेळ माग, आणि वेळ मिळेपर्यंत मेलचा प्रयत्नच करू नको, रांगेत ठेव. दुसरा: डीएस३२३१ घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावलं. ते वर्षाला फार तर मिनिटभर पुढेमागे होतं, आणि लाइट गेली तरी सेलवर चालतं. इथं एक सावधगिरी. बाजारात मिळणाऱ्या निळ्या स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं, पण आपण घालतो तो साधा सीआर२०३२, जो चार्ज करायचा नसतो. मॉड्यूलला ५ व्होल्ट देणार असाल तर डायोडशेजारचा २०० ओहमचा रेझिस्टर आधी काढून टाका. ३.३ व्होल्टवर चालवलं तर चार्जिंग होण्याइतका दाबच उरत नाही. मी ३.३ वरच जोडलंय. तिसरा उपाय: राउटर आणि फायबरची डबी १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर. रास्पबेरी पायवाल्यांनीही ऐकावं: पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतंच. तो बंद होतानाची वेळ लक्षात ठेवून पुढे चालतो, म्हणून १९७० दिसत नाही. पण दीड तास मागे पडलेला दिसू शकतो.

एक शॉर्टकट तुम्हाला कुणीतरी सुचवेलच: प्रमाणपत्र तपासूच नको, असं एका ओळीत सांगून टाक. मेल लगेच जायला लागतात, हे खरं. पण मग समोर कोण आहे हे न बघता पासवर्ड हातात ठेवल्यासारखं होतं. मला पटत नाही. दुसरा शॉर्टकट म्हणजे सर्व्हरच्या प्रमाणपत्राचा ठसा कोडमध्ये लिहून ठेवणं. तो तर आणखी वाईट, कारण जीमेलच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र दर दोन-तीन महिन्यांनी बदलतं. 'दर दोन-तीन महिन्यांनी मेल बंद पडतात आणि काही केल्या कळत नाही' अशी तक्रार असेल तर आधी कोडमध्ये हा ठसा शोधा. त्याऐवजी मूळ, म्हणजे बाकीची प्रमाणपत्रं ज्याच्या भरवशावर दिली जातात ते रूट प्रमाणपत्र ठेवा. ते वर्षानुवर्षं टिकतं.

हे सगळं करून जूनमध्ये चौथ्यांदा मेल हुकला. या वेळी तारीख बरोबर होती, वायफाय होतं, आणि नोंदीत एकच प्रयत्न दिसत होता. फक्त एक. त्या मिनिटाला इंटरनेट नव्हतं, बस. मी कोड वाचला आणि कपाळावर हात मारला. तापमान हद्द ओलांडलं की मेल पाठव आणि 'इशारा दिला' अशी खूण कर, असं लिहिलेलं. मेल गेला की नाही हे न बघताच खूण होत होती. पोस्टमननं पत्र पेटीत टाकलं की नाही ते न बघता सही घेतल्यासारखं. आता शेवटचा २५० मिळाला तरच खूण होते, नाहीतर दोन मिनिटांनी परत, मग पाच, मग दहा. तुमचा कंट्रोलर विकतचा असेल तर हे कोडमध्ये बघता येणार नाही, पण करून बघता येतं: राउटर बंद करा, सेन्सर कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवा, इशारा पेटू दे, दहा मिनिटांनी राउटर चालू करा. मेल उशिरा का होईना, येतो का ते बघा. नाही आला तर त्या कंट्रोलरचा स्वभाव कळला.

मेमरीचं थोडक्यात सांगतो. ईएसपी८२६६ मध्ये आपल्या वापराला ४० केबीच्या आसपास मोकळी जागा असते आणि एसएसएल जोडणीला त्यातली निम्मी सहज लागते. वेब पानं, मजकूर जोडणं यांतून ती जागा तुकड्या-तुकड्यांत उरते. एकूण पुरेशी दिसते, पण सलग मिळत नाही. लक्षण म्हणजे पहिले चार-पाच दिवस मेल जातात, मग आकडा न येता बंद. तुमचं असं असेल तर ईएसपी३२ ही जास्त मेमरीची चिप घ्या आणि विषय संपवा. तीनशे-चारशे रुपयांसाठी रात्री जागण्यात हशील नाही.

आता त्या पाचशे मेलांबद्दल. डीएस१८बी२० ला वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचलं तर तो ८५ अंश सांगतो. ती त्याची सुरुवातीची ठरलेली किंमत आहे. पूर्ण बारा बिटांचं मोजमाप व्हायला ७५० मिलिसेकंद लागतात. आणि वायर सुटली किंवा सांध्यात पाणी गेलं, तर सेन्सर वाचायच्या नेहमीच्या लायब्ररीत, म्हणजे आयत्या कोडमध्ये, उणे १२७ दिसतं. माझ्या सेन्सरचा सांधा टाकीच्या काठाला लागून होता. एका रात्री त्यात ओल गेली आणि तापमान २७, ८५, २७, उणे १२७ असं नाचायला लागलं. प्रत्येक उडीला 'हद्द ओलांडली' आणि 'पूर्ववत झालं' असे दोन मेल. सकाळी उठलो तर दोनशे बारा मेल. ८५ अंशांना मासे टाकीत नव्हे, ताटात असतात, एवढं कंट्रोलरला कळायला हवं! आता ८५ आणि उणे १२७ हे तापमान म्हणून घ्यायचंच नाही. सलग दहा वेळा आलं तर 'सेन्सर बिघडला' असा वेगळा, एकच मेल. सांधा हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून काठाच्या बाहेर काढला, डेटाच्या वायरला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आहे याची खात्री केली. वायर बाहेर काढताना ती आधी प्लगच्या खाली लोंबू द्या, मग वर न्या. पाणी वायरवरून ओघळत बोर्डात जायला नको. घराच्या डीबीत, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीत, ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) नसेल, तर मेलची सेटिंग नंतर करा, आधी ते बसवून घ्या.

हद्दी कुठं लावायच्या यावर मला सांगलीकरांना फार समजावायला लागत नाही. पावसाळ्यात आपण सगळे आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघत असतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ३५ ला कुणी सामान वर चढवत नाही, आणि ४५ पर्यंत कुणी नुसतं बघत बसत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा काय झालं ते वेगळं सांगायला नको. टाकीलाही असे दोन आकडे हवेत. माझ्या माशांना २६ च्या आसपास बरं वाटतं, म्हणून वर ३० ला इशारा, ३२ ला धोका. खाली २३ आणि २१. इशारा एकदाच येतो, धोका दर अर्ध्या तासाला. बरेच जण हीटर २६ ला आणि अलर्ट २६.५ ला लावतात. या सेन्सरची अचूकताच अर्ध्या अंशाची आहे, मग दिवसभर फोन वाजणार आणि चौथ्या दिवशी तुम्ही ते मेल बघणं सोडणार. शिवाय तापमान चढताना ३० ला पेटलेला इशारा उतरताना २९.५ च्या खाली जाईपर्यंत विझू देऊ नका, आणि पाच मिनिटं सलग हद्दीबाहेर असेल तरच पेटू द्या. पाणी बदलताना दोन बादल्या गार पाणी ओतलं की उगाच मेल येतात, ते यानं थांबतं.

रात्री अकरा ते सकाळी सहा फक्त धोक्याचेच मेल यावेत, असं मी लावलं होतं. सकाळी दहाचा इशारा काही येईना. शोधलं तर ही शांततेची वेळ ग्रीनिचच्या घड्याळानं चालत होती: आपल्या पहाटे साडेचार ते साडेअकरा. काही कंट्रोलरमध्ये टाइमझोनला पूर्ण तासच टाकता येतात, साडेपाच लिहायला जागाच नाही. तिथं सेकंद मागत असतील तर १९८०० लिहा. नाहीतर सरळ वेळेचं गणित करून अर्धा तास सोसा.

पण लाइट गेल्याचाच मेल हवा असेल तर? कंट्रोलर बंद, राउटर बंद, मेल पाठवणार कोण? माझा कंट्रोलर आणि एअर पंप आता इन्व्हर्टरवर आहेत (हीटर नाही, त्याचा भार इन्व्हर्टरला झेपत नाही). इन्व्हर्टर नसलेल्या प्लगला एक जुना मोबाइल चार्जर लावलाय. त्याचे ५ व्होल्ट १० आणि २० किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून ३.३ च्या आसपास आणून बोर्डाच्या पिनेला दिलेत. चार्जर मेला की लाइट गेली. भिंतीतले २३० व्होल्ट बोर्डाजवळ आणायची गरजच पडत नाही. पण राउटर यूपीएसवर असला तरी भागातली लाइट तासभर गेली की कधीकधी चौकातल्या डबीचीही बॅटरी संपते आणि इंटरनेट जातं. म्हणून उलटी सोय केली. कंट्रोलर दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एका सेवेला 'मी जिवंत आहे' असं कळवतो. हेल्थचेक्स डॉट आयओसारख्या सेवा यासाठीच आहेत, एका टाकीपुरत्या फुकट. हाक यायची थांबली की ती सेवाच मला मेल करते. आमच्याकडे वळवाच्या दिवसांत लाइट पाच-दहा मिनिटं लपंडाव खेळते, म्हणून सवलत वीस मिनिटांची ठेवलीय. हा एक मेल बाकी सगळ्यांपेक्षा भरवशाचा आहे, कारण तो पाठवायला माझ्या घरातलं काहीही चालू असावं लागत नाही.

आलेला मेल दिसण्याचीही व्यवस्था लागते. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून पाठवणाऱ्या खात्यासाठी फिल्टर केला: स्पॅममध्ये कधीच नको, 'टाकी' असं लेबल लाव. मग फोनवर फक्त त्या लेबलला वेगळा आवाज. बाकी मेल मुके. विषयाच्या ओळीतच सगळं हवं, 'धोका ३२.४, पंखा चालू, लाइट आहे' असं. 'अलर्ट' एवढाच विषय असेल तर मीटिंगमध्ये तो उघडला जात नाही. तोच मेल बहिणीलाही जातो. ती मिरजेत असते, घरी वीस मिनिटांत पोचते.

आता तपासतो कसा ते सांगतो. टेस्ट मेलचं बटण मी दाबतच नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मेन स्विच खाली, इन्व्हर्टर आणि राउटरचा यूपीएसही बंद, सगळं काळं. पंचवीस मिनिटांनी 'टाकी गप्प आहे' असा मेल आला पाहिजे. मग सगळं एकदम चालू करायचं, राउटरला आधी नाही. सेन्सर कोमट पाण्याच्या पेल्यात. दहा मिनिटांत धोक्याचा मेल, त्यात तारीख चालू वर्षाची. कॅनिस्टरच्या नळीखाली हात धरून पाणी येतंय का बघायचं. गेल्या रविवारी सगळं जमलं, फक्त आईचं वाटण मिक्सरमध्ये अर्धवट राहिलं होतं, ते नंतर तिनं मला खलबत्त्यात कुटायला लावलं.